मक्यावर चालणारी निळी गाडी

पहिल्यांदा मी त्याचं मनगट पकडलं. नाव नंतर कळलं.

मे महिन्यातली दुपार होती आणि नेब्रास्काचा वारा त्याच्या नेहमीच्या मस्तीत होता. आमच्या गावातल्या सहकारी सोसायटीच्या पंपावर उभं राहिलं की केस एका दिशेला जातात आणि बोलणं दुसऱ्या. मी माझे कॅन भरत होते. शेजारी एक निळी टॅलन गाडी येऊन थांबली. जुनी, पण आंघोळ घातल्यासारखी लख्ख. आतून एक उंच माणूस उतरला. एका हाताने त्याने डोक्यावरची टोपी दाबून धरली होती, आणि दुसऱ्या हाताने सरळ पिवळ्या मुठीची नळी उचलली.

पिवळी मूठ म्हणजे मक्याचं अल्कोहोल. नावाला थोडं पेट्रोल, बाकी सगळी दारूच.

"थांबा," म्हणत मी त्याचा हात धरला.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. बोटांना ग्रीस होतं. आता त्याच्या बाहीलाही झालं होतं.

"हे तुमच्या गाडीचं नाही," मी म्हणाले.

"पण हे आम्हीच बनवतो." त्याने हनुवटीनेच क्षितिजाकडे खूण केली. तिथे इथेनॉलच्या कारखान्याची पांढरी वाफ वाऱ्याने आडवी झाली होती. "मी तिथे नियंत्रण कक्षात असतो. म्हटलं, एकदा आपल्या हातचं आपणही वापरून बघावं."

"बनवता म्हणून पचेल असं नाही. गाडीला दारू पाजायची तर आधी तिचा घसा मोठा करावा लागतो."

"घसा..."

"पेट्रोलपेक्षा हे कितीतरी जास्त लागतं. टाकीतल्या पंपाला तेवढं ओढता येत नाही, इंजेक्टरना तेवढं फवारता येत नाही. मग इंजिन उपाशीपोटी पळतं. आणि टर्बोचं इंजिन उपाशी पळालं की पिस्टन वितळतात."

त्याने नळी अगदी हळू, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी, जागेवर ठेवली.

"तुम्ही ही गाडी घेताना काय बघितलं होतं?" मी विचारलं.

"रंग," तो म्हणाला.

मला हसू आलं. त्यालाही. हसताना त्याचा टोपीवरचा हात निघाला आणि टोपी जी उडाली ती थेट सोसायटीच्या धान्यकोठारापर्यंत. तो तिच्यामागे पळाला, मी उभी राहून बघत होते... परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"घसा मोठा कोण करून देतं?"

"मी," मी म्हणाले. "या जिल्ह्यात माझ्याइतका चांगला दुसरा कोणी करत नाही."

ही फुशारकी नव्हती. माझं नाव रेनाटा वाव्रा. आत्याच्या शेतावर, जिथे पूर्वी तिचं कापणीचं राक्षसी यंत्र उभं राहायचं, त्या शेडमध्ये माझं वर्कशॉप आहे. लिंकन शहरात दुसऱ्यांच्या हाताखाली शिकले, मग स्वतःचं सुरू केलं. शेडमध्ये डायनो आहे. त्याच्या रुळांवर गाडी जागच्या जागी ताशी शंभर मैलांनी पळते आणि तिच्यात किती जोर आहे ते खरं खरं सांगते. माणसं सांगतात त्यापेक्षा खरं.

"गुरुवारी मला सुट्टी असते," तो म्हणाला. "एमेट. एमेट होलुब."

होलुब म्हणजे आमच्या पूर्वजांच्या चेक भाषेत कबूतर. आत्याला हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून तो आमच्या घरात कबूतरच झाला.

*

गुरुवारी कबूतर वेळेवर आलं. हातात कोलाचेचा खोका होता. मधोमध जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल, मऊ, गोड पाव.

"गावातल्या बेकरीत मिळतात," त्याने आत्याला सांगितलं. "फार छान असतात, काकू. खाऊन तर बघा."

आत्याने एक उचलला, चावला, मान डोलावली. "बरे आहेत. मुरंबा जरा जास्त झालाय."

"नाही हो, तोच तर छान आहे."

"बरं बाबा," आत्या म्हणाली. ते तिनेच पहाटे भाजून बेकरीत पोचवले होते, हे त्याला पुढे कित्येक महिने कोणी सांगितलं नाही.

त्या दिवशी आम्ही टाकी उतरवली. मी गाडीखाली, तो बाजूला दिवा धरून. दिवा धरणं ही साधी गोष्ट नाही. बहुतेक लोक दिवा आपल्याला जे बघायचं असतं त्यावर धरतात. एमेट मला जे बघायचं असायचं त्यावर धरायचा. माझी मान वळायच्या आत उजेड तिथे पोचलेला असायचा.

"तुम्हाला कसं कळतं?" मी खालून विचारलं.

"काय?"

"मी कुठे बघणार ते."

त्याने दिवा जरा वर धरला. मग म्हणाला, "लक्ष ठेवणं हेच माझं काम आहे. कारखान्यात."

"इथे कारखाना नाही."

"हो... पण लक्ष आहे."

गाडीखाली असण्याचा एक फायदा असतो. आपला चेहरा कोणाला दिसत नाही.

जुना पंप काढला आणि नवा, दुप्पट ताकदीचा बसवला. जुने इंजेक्टर काढून मोठे लावले. अल्कोहोलने जुनं रबर सडतं, म्हणून नळ्याही बदलल्या. त्याच्या अंगाला कारखान्याचा वास यायचा, आंबवलेल्या पिठासारखा, गोडसर, भाजायच्या आधीच्या पावाचा. मी आयुष्यभर पेट्रोलच्या वासात वाढले. हा वास मला का आवडायला लागला ते मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही.

पुढच्या गुरुवारी गाडी डायनोवर चढवली. मी लॅपटॉप घेऊन आत बसले, कोणत्या वेगाला किती इंधन आणि ठिणगी कधी, हे गाडीच्या मेंदूला नव्याने शिकवलं, आणि पाय दाबला. शेडचे पत्रे थरथरले. टर्बोची शिट्टी वर वर चढत गेली. मी काचेतून बघितलं तर एमेट भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, चर्चमध्ये ऑर्गन ऐकताना उभे राहतात तसा उभा आहे. मनात म्हटलं, हा आपल्यातला आहे.

रूळ थांबले. तो जवळ आला. चेहरा पांढरा पडला होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"जबरदस्त," तो म्हणाला. "आणखी काही करता येईल का?"

मला हा प्रश्न फार आवडतो. गिऱ्हाइकं साधारणपणे विचारतात, यापेक्षा कमीत भागेल का.

"टर्बो मोठा बसवता येईल."

"बसवा."

"कशासाठी ते तर विचारा."

"कशासाठी?"

"जास्त हवा मिळते."

"मग हवाच," तो म्हणाला आणि स्वतःच्याच कोटीवर कानापर्यंत लाल झाला.

*

जुलैत मका डोक्याच्या वर गेला. बियाण्याच्या शेतांतून शाळकरी पोरांच्या टोळ्या तुरे खुडत फिरू लागल्या. आम्ही टर्बो बसवत होतो आणि शेडच्या दारातून त्यांची बस दिसायची.

"मीही जायचो," एमेट म्हणाला. "पहाटे पानं दवाने ओली असायची. पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत बुटात पाणी."

"आणि दुपारी तीच पानं वाळून हात कापायची."

"तुम्हीपण?"

"तीन उन्हाळे. त्या पैशांतून पहिला पान्यांचा संच घेतला. तुम्ही काय घेतलं?"

"मासे पाळायची काचपेटी."

"मासे?"

"मासे शांत असतात," तो म्हणाला.

या वाक्याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. पण त्याच्या भुवईवर घामाचा एक थेंब लोंबत होता आणि तो पडतो की नाही याच्याकडे माझं लक्ष होतं.

मोठ्या टर्बोने नवी अडचण आणली, तो आणतोच. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे आत जास्त मोठा भडका. आणि तो झेलायला गाडीबरोबर आलेले मूळ पिस्टन पुरत नाहीत. हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. "इथे थांबलात तरी चालेल. हवेचा दाब जरा कमी ठेवते, गाडी वर्षानुवर्षं चालेल."

"आणि थांबलो नाही तर?"

"इंजिन खाली उतरवावं लागेल. घडीव पिस्टन, घडीव रॉड, वरचे बोल्ट, सगळं नवीन. महिना तरी जाईल."

"महिना," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "नाही थांबायचं."

आणि तो ऑगस्ट... ऑगस्टबद्दल मी काय सांगू. शेडमध्ये भट्टीसारखी उष्णता, मोठा पंखा घरघरतोय, आणि टेबलावर पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग मांडलेला. एमेटचे हात या कामाला फार चांगले निघाले. धुतलेला भाग तो पुन्हा उजेडात धरून बघायचा, एक कण दिसला तरी परत धुवायचा. पिस्टनच्या कड्यांची फट आम्ही मिळून मोजायचो. दोघांची डोकी एका सिलिंडरवर वाकलेली, श्वास रोखलेला, जणू आत कोणी झोपलंय.

"बसली?" तो कुजबुजायचा.

"बसली."

"मग आपण कुजबुजतोय का?"

"तुम्ही सुरू केलंत."

एकदा त्याने माझ्या केसांतून मक्याच्या पानाचा एक तुकडा काढला. काढला आणि टाकला नाही. बोटांत फिरवत राहिला. मी टॉर्क रिंच उचलली आणि तोच बोल्ट पुन्हा आवळला, जो आधीच आवळलेला होता. आयुष्यात असं मी कधी केलं नव्हतं.

इंजिन परत बसलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आवाज ऐकून आत्याही घरातून बाहेर आली. डायनोने जो आकडा दाखवला तो मी दोनदा तपासला. माझ्या हातून एवढं नेटकं, एवढं जोरदार इंजिन आजवर झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी शर्यतीच्या पट्टीवर फोन करून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी टॅलनचं नाव घातलं, चालक एमेट होलुब. आणि गावात दिसेल त्याला सांगितलं की ही गाडी पाव मैल बारा सेकंदांच्या आत कापणार आहे. बारा म्हणजे बारा. मी अंदाजाने बोलत नाही.

एमेटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे वा." आणि पाणी प्यायला गेला.

*

मग एका सकाळी आत्या पिकअपमधून उतरली ती हसतच.

"रेनी, ती कबुतराची गाडी. फार पळते म्हणतेस ना?"

"वाऱ्यासारखी. का?"

"काल मी तिला मागे टाकलं."

"कशाने?"

"माझ्या या खटाऱ्याने. महामार्गावर."

"त्याने जाऊ दिलं असेल तुला. सभ्य आहे."

"जाऊ दिलंच की. गाडी बाजूला घेतली, हात दाखवला, गोड हसला. मुलगा चांगलाच आहे." आत्याने मागचं फळकूट उघडलं. "पण रेनी, माझ्या मागे अंडी होती गं. वीस ट्रे. अंडी असली की मी कशी चालवते, तुला माहितीये."

मला माहीत होतं. अंडी असली की आत्याला ट्रॅक्टर मागे टाकतात.

गुरुवारी एमेट आला. खोका, टोपी, हसू, सगळं नेहमीसारखं. "मी विचार करत होतो," तो म्हणाला, "टाकीत आणखी एक पंप बसवला तर?"

"चला, आधी एक चक्कर मारून येऊ," मी म्हणाले. "तुम्ही चालवा."

आमच्याकडचे रस्ते फुटपट्टीने आखलेले आहेत. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, पिवळा, सळसळणारा, आणि समोर काही म्हणता काही नाही. "दाबा," मी म्हणाले.

त्याने जरासं दाबलं. गाडी मांजरीसारखी गुरगुरली.

"दाबा ना."

आणखी जरा. मी त्याच्या हातांकडे बघितलं. ज्या हातांनी पिस्टनची कडी न थरथरता बसवली होती, त्यांची पेरं स्टीअरिंगवर पांढरी पडली होती. त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"मला वेगाची भीती वाटते," तो समोर बघत म्हणाला.

"...कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"काही झालं होतं का? अपघात वगैरे?"

"काही नाही. काहींना कोळ्याची वाटते. मला वेगाची."

"आणि डायनोवर डोळे मिटून उभे होता ते?"

"घाबरलो होतो."

बाहेर मका सळसळत होता.

"मग टर्बो? पिस्टन? आता हा दुसरा पंप?"

"तुम्ही म्हणालात, टर्बो बसवता येईल. मी हिशेब केला, त्याला तीन गुरुवार लागतील. मग म्हणालात, इंजिन उतरवायचं तर महिना जाईल..." तो थांबला. "महिना मला फार आवडला."

दुसऱ्या कुठल्याही मुलीला हे ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या. मलाही झाल्या, खोटं कशाला बोलू. पण त्या गुदगुल्यांच्या उरावर राग येऊन बसला.

"अरे, मग पहिल्याच दिवशी विचारायचं ना, कॉफी घेणार का म्हणून."

"तुम्ही हो म्हणाला असता?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग काय मग. एमेट, मला वाटलं जगात एक तरी माणूस आहे ज्याला हे इंजिन माझ्याइतकंच हवंय. लोक येतात, थोडक्यात आटप म्हणतात, तू मात्र अजून म्हणायचास. मी रात्री पडल्या पडल्या त्या इंजिनाचा विचार करायचे. माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही. आणि तुझ्यासाठी ते काय होतं? माझ्या शेजारी उभं राहायचं निमित्त."

"रेनाटा..."

"विकून टाक ही गाडी. जो पळवेल त्याला दे."

मी उतरले आणि चालू लागले. थोड्या वेळाने टॅलन माझ्या बाजूने आली, माझ्याच पावलांच्या वेगाने. साडेचारशे घोड्यांचं इंजिन, आणि माझ्याबरोबर पायी चालल्यासारखं सरकतंय.

"बसा ना," तो खिडकीतून म्हणाला.

"नाही."

"लांब आहे घर."

"माहितीये."

"धूळ उडतेय तुमच्या अंगावर."

"तुझ्यामुळे उडतेय."

हे खरं होतं, म्हणून तो मागे राहिला. पण शेताचं वळण येईपर्यंत मागे बघितलं की ती निळ्या ठिपक्यासारखी दिसत होती, रांगत, माझ्यावर लक्ष ठेवून.

*

रविवारी मी पट्टीवर गेले ते माझी गाडी येणार नाही हे तोंडाने सांगायला. फोन करता आला असता. पण बढाई उभ्याने मारली होती, माघारही उभ्यानेच घ्यायची, असा माझा नियम आहे.

ही पट्टी म्हणजे महायुद्धातला जुना लष्करी विमानतळ. धावपट्टीला भेगा पडल्या होत्या, पण मधला पाव मैल नव्याने केलेला. उन्हाने काँक्रीट तापलं होतं, आणि पश्चिमेला ढगांची एक जांभळी भिंत उभी राहत होती. मी नावं नोंदवायच्या टेबलाकडे निघाले आणि रांगेत निळा रंग दिसला.

एमेट गाडीला टेकून उभा होता. काखेत हेल्मेट होतं.

"विकली नाहीस?" मी म्हणाले.

"नाही." त्याचा आवाज कोरडा होता. "मी चालवणार आहे."

"माझं नाव राखायला असेल तर नको. मी बसते. मी चालवते, तू इथे उभा राहा. मला राग नाही आता."

"तुझ्या नावासाठी नाही." पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं. "तू म्हणालीस ते खरं आहे. चार महिने मी फक्त तुझे हात बघत होतो. ते काय करतायत ते बघितलंच नाही. तू काय बनवलंस ते मला कळायला हवं. आणि ते कडेला उभं राहून कळण्यासारखं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग सांग, काय करू."

मी खिडकीशी वाकले. सांगितलं की हात सैल ठेव. गाडी सरळ जाईल, तिला सरळच जायचंय, तू फक्त आड येऊ नकोस. पाय हळूहळू दे, पण दिलास की मागे घेऊ नकोस. त्याने प्रत्येक शब्दाला मान हलवली. कपाळावर घाम होता. मला माझ्या बाहीने तो पुसावासा वाटला... आणि मी पुसला.

पहिल्या खेपेला तो इतका सावकाश गेला की शेजारच्या ओळीतला म्हातारा आपला दूध पोचवायचा ट्रक घेऊन जिंकला. कठड्यावरच्या लोकांनी मला नाव घेऊन हाक मारली. "रेनाटा, मका कच्चा होता का?"

"शिजतोय," मी ओरडून म्हणाले. "बसून राहा."

दुसऱ्या खेपेला टर्बोची शिट्टी ऐकू आली, अर्धी, मग तुटली. त्याने पाय मागे घेतला होता. परत आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघून म्हणाला, "मधेच ती ओढायला लागते."

"हो. तिथेच ती सुरू होते. तू जिथे थांबतोस तिथे."

ढग आता डोक्यावर यायच्या बेतात होते. गार वाऱ्याची पहिली झुळूक आली, ओल्या मातीचा वास घेऊन. ध्वनिक्षेपकावर सांगितलं की वीज जवळ आली आहे, आता प्रत्येकाला एकच खेप. एमेट रेषेवर गेला. मी कठड्याशी उभी होते. कठड्याचं लोखंड दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि नंतर बघितलं तर तळव्यांवर त्याच्या खुणा उमटल्या होत्या. मला बाराचा आकडा आठवत नव्हता. फक्त वाटत होतं, याला काही होऊ नये.

हिरवा दिवा लागला.

आवाज आधी खाली होता, मग चढला, आणि जिथे मागच्या वेळी तुटला होता तिथे तुटला नाही. ती शिट्टी थेट आभाळात गेली. निळी गाडी लांबत लांबत एक रेघ झाली आणि रेघ संपली. फलकावर आकडा आला. अकरा पूर्णांक आठ. कठड्यावर लोक काहीतरी ओरडत होते, माझ्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. पण टॅलन परतीच्या रस्त्याने आली नाही. पट्टीच्या टोकाला, मक्याच्या कडेला ती उभीच राहिली.

मी पळत सुटले. अर्ध्या वाटेत पाऊस आला, मोठ्या, टपोऱ्या, गार थेंबांचा. पोचले तेव्हा नखशिखांत भिजले होते. दार उघडून आत बसले.

एमेटने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं. तो हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बरा आहेस ना?"

"पाय लटपटतायत. चालवून परत आणता येईना." त्याने माझ्याकडे बघितलं. "रेनाटा, तू मला आधी सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"की हे असं असतं."

"सांगून कळतं का?"

"नाही," तो म्हणाला. "भीती गेली नाही हं. तशीच आहे. पण तिच्या पलीकडे काहीतरी फार... फार सुंदर आहे, आणि ते तू केलंयस. बोल्ट बोल्ट करून. आणि मी शेजारी दिवा धरून उभा होतो, मूर्खासारखा."

टपावर पाऊस वाजत होता. काचा आतून धुरकटल्या. तापलेलं इंजिन टिकटिकत थंड होत होतं, आणि गाडीत त्याचा तो भाजायच्या आधीच्या पावाचा वास भरून राहिला होता.

"दिवा चांगला धरतोस तू," मी म्हणाले.

"आता दिवा धरण्यासारखं काही उरलं नाही. गाडी पूर्ण झाली. दुसरा पंप नकोय तिला."

"नकोच आहे."

"मग गुरुवारी..." तो अडखळला. "गुरुवारी काय काम सांगून येऊ?"

आयुष्यात मी पुष्कळ निर्णय घेतले आहेत, आणि बहुतेक सगळे हातात पाना असताना. त्या दिवशी हात रिकामे होते. म्हणून एक मी त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो घट्ट धरला.

"काम सांगू नकोस," मी म्हणाले. "गाडी आणू नकोस. नुसता ये. मला बघायचंय, कामाशिवाय तू माझ्या दारात उभा राहिलास तर कसा दिसतोस."

"आणि चांगला नाही दिसलो तर?"

"दिसतोस. मी मे महिन्यापासून बघतेय."

मग आम्ही बराच वेळ पाऊस थांबायची वाट बघितली. तो थांबला तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

गुरुवारी दुपारी आत्या ओट्यावर मटार सोलत बसली होती. आवारात कुठल्याच गाडीचा आवाज आला नाही, आणि तरी एमेट फाटकातून आत येत होता. इस्त्रीचा शर्ट, धुळीने माखलेले बूट, आणि या वेळी खोकाही नव्हता, कारण मुरंबा कोणाच्या हातचा ते एव्हाना त्याला कळलं होतं.

"गाडी कुठाय रे?" आत्याने विचारलं.

"घरी आहे, काकू."

"मग आलास कसा?"

"धान्याच्या ट्रकमधून. हमरस्त्याला उतरलो, तिथून चालत."

"आणि आता परत कसा जाणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच त्याने तेवढा विचार केला नव्हता. एवढ्या सावध माणसाने.

"मी सोडते त्याला," मी म्हणाले.

आत्याने एक शेंग मोडली, दाणे वाडग्यात पाडले आणि वर न बघता म्हणाली, "सोडशील, सोडशील."

या गोष्टीला आता मक्याची चार पिकं झाली. अजून काही मी त्याला सोडलेलं नाही.